दोन तास छत्तीस मिनिटं

रविवार, २६ डिसेंबर २००४. नाताळचा दुसरा दिवस, मार्गशीर्ष पौर्णिमा, शाळांना सुट्टी. चेन्नईपासून थायलंडच्या फुकेतपर्यंत कितीतरी कुटुंबांचा बेत एकच होता : सकाळी मुलांना घेऊन समुद्रावर जायचं.

खालच्या सगळ्या वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत. थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. श्रीलंकेचं त्या वर्षी अर्धा तास पुढे होतं.

सकाळी ६.२०

कोलंबो फोर्ट स्थानकावरून मातर एक्स्प्रेस सुटली. तिथल्या घड्याळात ६.५० झाले होते. श्रीलंकेत पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. त्यात नाताळ आणि रविवार जोडून आलेले. तिकीट काढलेले प्रवासीच दीड हजारांच्या वर होते, पासवाले वेगळे. दक्षिणेकडे जाणारा हा लोहमार्ग किनाऱ्याला धरून जातो. पेरलिया नावाच्या गावाजवळ रूळ आणि समुद्र यांच्यात जेमतेम दोनशे मीटरचं अंतर आहे.

६ वाजून २८ मिनिटं, ५३ सेकंद

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर सूर्य नुकता वर येत होता. तिथून सुमारे दोन हजार किलोमीटरवर, उत्तर सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यालगत, समुद्रतळाखाली तीस किलोमीटरवर खडक तुटला.

तो एका जागी तुटून थांबला नाही. भेग उत्तरेकडे धावत गेली, निकोबार आणि अंदमानच्या खालून, सुमारे तेराशे किलोमीटर. तिला आठ ते दहा मिनिटं लागली. भेगेच्या पश्चिमेकडचा समुद्रतळ काही मीटर वर उचलला गेला, पूर्वेकडचा खचला. तळावर जे घडलं तेच वरच्या पाण्याने केलं. म्हणून पश्चिमेला, भारत आणि श्रीलंकेकडे, निघालेल्या लाटेचा पुढचा भाग फुगवट्याचा होता आणि पूर्वेला, थायलंडकडे निघालेल्या लाटेचा पुढचा भाग खळग्याचा. आपल्याकडे पाणी आधी चढणार होतं, तिकडे आधी ओसरणार होतं.

खोल समुद्रात अशी लाट ताशी सातशे-आठशे किलोमीटर वेगाने जाते. जेट विमानाएवढा वेग.

६.३५ च्या आसपास

चेन्नईत भिंती हलल्या. पंखे झुलले, लोक मुलांना घेऊन जिने उतरून रस्त्यावर आले. थोडा वेळ बोलले, कोणाला काय जाणवलं ते सांगितलं. काही पडलं नव्हतं, कोणाला लागलं नव्हतं. लोक वर गेले. ज्यांचं समुद्रावर जायचं ठरलं होतं त्यांनी बेत बदलावा असं कोणतंच कारण त्यांच्यापुढे नव्हतं.

फुकेतच्या हॉटेलांतही खाटा हलल्या. तिथे आठ वाजून गेले होते.

६.३७

सुमात्राजवळच्या सिमेलू बेटाच्या उत्तर टोकाला लाट पोचली. भूकंपानंतर आठव्या मिनिटाला. बेटावर ना सायरन, ना इशारा केंद्र. लोकसंख्या सुमारे ७८ हजार.

मेलेल्यांची संख्या : सात.

१९०७ साली याच बेटावर असा भूकंप होऊन लाट आली होती आणि पुष्कळ माणसं गेली होती. वाचलेल्यांनी लाटेला स्मोंग म्हटलं आणि ती गोष्ट मुलांना सांगायला सुरुवात केली. आज्या नातवंडांना झोपवताना सांगत आल्या, की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला तर काही गोळा करू नका, डोंगर गाठा. सत्त्याण्णव वर्षं हे सांगणं चालू राहिलं. त्या सकाळी जमीन थांबताच लोक मुलांना उचलून वर पळाले. समुद्राकडे बघत कोणी थांबलं नाही.

याच मिनिटाला हवाई बेटांवर, जिथे नाताळची दुपार होती, पॅसिफिक त्सुनामी इशारा केंद्रात भूकंपमापकाचा गजर वाजला.

६.४४

हवाईच्या केंद्राने पहिलं पत्रक काढलं. भूकंपानंतर पंधरा मिनिटांत, म्हणजे कामात कुचराई नव्हती. पत्रकात तीव्रता होती ८.०. पॅसिफिक महासागराला धोका नाही, असं त्यात नोंदवलं होतं.

ते खरंच होतं. पॅसिफिकला धोका नव्हता. पत्रक पॅसिफिकच्या काठावरच्या देशांसाठी असायचं, कारण ती व्यवस्था त्या देशांनी उभी केली होती. हिंदी महासागराला अशी व्यवस्था नव्हती. कोणत्या देशात कोणाला फोन करायचा याची यादीही नव्हती.

तीव्रतेचा आकडा मात्र चुकला होता. पुढे तो ९.१ वर स्थिरावला. ८.० आणि ९.१ हे कागदावर शेजारी दिसतात, पण मधल्या फरकात चाळीस पटींहून जास्त ऊर्जा असते. इतका मोठा, इतका वेळ चालणारा भूकंप पहिल्या काही मिनिटांच्या लहरींवरून मोजायची पद्धत तेव्हा तोकडी पडत होती.

६.५० च्या सुमारास

बांदा आचेह. रविवार सकाळची वेळ, शहरात धावण्याच्या शर्यतीसाठी लोक जमलेले. भूकंपात घरं पडली होती, लोक रस्त्यांवर होते. किनाऱ्यावर पाणी मागे गेलं आणि उघड्या पडलेल्या तळावर मासे तडफडू लागले. काही जण ते वेचायला उतरले. मुलंही होती.

मग लाट आली. जवळच्या ल्होकंगा भागात ती तीस मीटरपर्यंत चढली. इंडोनेशियात त्या दिवशी एक लाख साठ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक या एका आचेह प्रांतात.

वीज गेली, फोन गेले, रस्ते गेले. आचेह गप्प झालं. बाहेरच्या जगाने ही शांतता ऐकली आणि तिचा अर्थ लावला नाही. जिथून बातमी येत नाही तिथे काही घडलेलं नाही, असंच पुढचे काही तास सगळे धरून चालले.

७.३०

दिल्लीत हवाई दलाच्या प्रमुखांना चेन्नईच्या तळाकडून कळलं : अंदमान-निकोबारजवळ मोठा भूकंप झाला आहे. कार निकोबारच्या तळाशी असलेला संपर्क तुटला होता. तुटण्याआधी आलेल्या शेवटच्या निरोपात बेट बुडत असल्याचं आणि सगळीकडे पाणी असल्याचं म्हटलं होतं. कार निकोबारवर हवाई दलाचे जवान आणि त्यांच्या कुटुंबांतले मिळून शंभरावर जण गेले. सरकारी वसाहत होती ती. बायका-मुलं तिथेच राहत असत.

या निरोपापाशी क्षणभर थांबायला हवं. भारताच्या भूमीवर समुद्र चढला आहे, हे भारतातल्या जबाबदार माणसांना ७.३० ला ठाऊक होतं. कार निकोबारपासून चेन्नईपर्यंतचं पाणी अजून वाटेत होतं. मरीना किनाऱ्यासाठी दीड तासाहून थोडा जास्त वेळ उरला होता. हा निरोप एका बेटाच्या संकटाचा म्हणून ऐकला गेला. निकोबारला मदत कशी पाठवायची याचा विचार सुरू झाला. तेच पाणी पुढे कुठे जाणार, हा प्रश्न त्या घडीला कोणाच्याच कामाचा भाग नव्हता.

७.३४

हवाईचं दुसरं पत्रक. तीव्रता आता ८.५. भूकंपाच्या केंद्राजवळ त्सुनामीची शक्यता आहे, असं एक वाक्य वाढलं होतं.

७.४५

मरीनावर ऊन चढू लागलं होतं. फोर्ट सेंट जॉर्जपासून दक्षिणेकडे सहाएक किलोमीटर पसरलेला हा किनारा रुंदीलाही मोठा आहे. रस्त्यावरून उतरल्यावर पाण्यापर्यंत तीनशे-चारशे मीटर वाळू तुडवावी लागते. रविवारी सकाळी त्या वाळूवर मुलांचे क्रिकेटचे कितीतरी डाव एकाच वेळी मांडलेले असतात. फिरायला आलेली वयस्क माणसं कडेने चालतात. लहान पोरं पाण्याजवळ असतात, ओल्या वाळूत पाय रोवून वरून खोपा थापतात, खेकड्यांची बिळं उकरतात, शंखशिंपले खिशात भरतात. आईबाप चार पावलं मागे उभे राहतात. मुलांना समुद्रावर नेलं की वेगळं काही करावं लागत नाही. पाणी येतं, जातं, त्यांना तेवढं पुरतं.

दक्षिणेला श्रीनिवासपुरम, नोच्चिकुप्पम अशा कोळीवस्त्या. तिथल्या मुलांचं अंगण म्हणजेच ही वाळू.

तिकडे थायलंडमध्ये सव्वानऊ झाले होते. खाओ लाकच्या हॉटेलांत न्याहारी चालू होती. स्वीडन, जर्मनी, ब्रिटनहून आलेली कुटुंबं थंडीपासून पळून इथे आली होती, पोरं पोहण्याच्या तलावात उतरली होती.

थायलंडच्या हवामान विभागाला भूकंप कळला होता. अधिकाऱ्यांनी चर्चा केली. त्सुनामीचा इशारा दिला नाही. नंतर छापून आलेल्या बातम्यांनुसार, पर्यटनाचा ऐन हंगाम होता, हॉटेलं भरलेली होती आणि इशारा खोटा ठरला तर काय, ही काळजी त्या चर्चेत होती. या काळजीला इतिहास होता. १९९८ मध्ये याच विभागाचे प्रमुख स्मिथ धर्मसरोज यांनी फुकेतच्या किनाऱ्याला त्सुनामीचा धोका असल्याचं जाहीर सांगितलं होतं. तेव्हा पर्यटन व्यावसायिक संतापले, माणूस वेडा ठरला. सहा वर्षांनी खुर्चीवर बसलेल्यांना तो प्रसंग आठवत असणारच.

८.१५

हवाई दलाच्या प्रमुखांनी साहाय्यकाला सांगितलं, संरक्षण मंत्रालयाला कळवा.

याच सुमारास, फुकेतच्या उत्तरेला माई खाओ किनाऱ्यावर एक ब्रिटिश कुटुंब फिरायला निघालं होतं. आई, वडील, दहा वर्षांची टिली स्मिथ आणि तिची सात वर्षांची बहीण. टिलीला समुद्र विचित्र वाटला. लाट येऊन परत जात नव्हती. पाणी फक्त पुढे येत होतं, आणि त्यावर बुडबुड्यांचा फेस होता.

दोन आठवड्यांपूर्वी इंग्लंडमधल्या तिच्या शाळेत भूगोलाच्या तासाला अँड्र्यू कर्नी या शिक्षकांनी त्सुनामी शिकवली होती. १९४६ साली हवाईला आलेल्या लाटेचं चित्रीकरण दाखवलं होतं. टिलीने समोर जे पाहिलं ते तिला त्यातलंच वाटलं. ती आईला सांगू लागली. आई चालत राहिली. समुद्र शांत, आकाश स्वच्छ, आणि मूल सुट्टीत काहीबाही बोलतंच. टिली ओरडू लागली, रडू लागली. शेवटी वडील धाकटीला घेऊन मागे वळले आणि त्यांनी हॉटेलच्या सुरक्षारक्षकाला गाठलं. माझी मुलगी असं म्हणते आहे, तुम्हाला वेडेपणा वाटेल, पण ती ठाम आहे, अशा अर्थाचं ते बोलले.

रक्षकाने ऐकलं. जवळच्या एका जपानी माणसाने त्सुनामी हा शब्द ऐकला, आणि सुमात्रात भूकंप झाल्याचं त्याला ठाऊक होतं. किनाऱ्यावरच्या सुमारे शंभर माणसांना वर हलवण्यात आलं. काही मिनिटांत पाणी आलं. त्या किनाऱ्यावर कोणीही मेलं नाही.

या साखळीत मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो वडिलांचा निर्णय. त्यांना त्सुनामीबद्दल मुलीपेक्षा जास्त काही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त तिचं म्हणणं पुढे नेलं.

८.३० च्या आसपास

जेसन-१ हा उपग्रह हिंदी महासागरावरून गेला. समुद्राची पातळी मोजणं हे त्याचं नेहमीचं काम. त्याच्या रडारने खाली धावणारी लाट मोजली. खोल समुद्रात तिची उंची होती साठ सेंटिमीटरच्या आसपास. लहान मुलाच्या कमरेएवढी. एखाद्या जहाजावरच्या खलाशालाही ती जाणवली नसती. नोंद उपग्रहात साठली. ती पाहिली गेली काही तासांनी.

थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर खळगा आधी पोचला. पातोंग, क्राबी, खाओ लाक, सगळीकडे समुद्र मागे सरला. शेकडो मीटर तळ उघडा पडला. प्रवाळ, खडक, होड्या आडव्या, डबक्यांत मासे. असं दृश्य कोणी कधी पाहिलं नव्हतं. लोक कॅमेरे घेऊन पुढे गेले. मुलं सगळ्यांत पुढे गेली, कारण पाण्याखालची जमीन एरवी चालायला मिळत नाही. किनाऱ्यावर मुलांचं मन रमवायला याहून चांगलं काय असणार, असंच आईबापांना वाटलं असेल.

क्षितिजावर एक पांढरी रेघ दिसत होती. क्राबीजवळच्या एका छायाचित्रात ती रेघ वाढून भिंत झालेली दिसते. ओल्या तळावर पर्यटक उभे आहेत. काही किनाऱ्याकडे पळताहेत. एक स्वीडिश आई उलट, लाटेच्या दिशेने, धावते आहे. तिची मुलं आणि नवरा तिकडे होते. ते सगळे वाचले. त्याच दिवशी खाओ लाकला एका कॅनेडियन दांपत्याच्या कॅमेऱ्यातही एकामागून एक चित्रं उमटली : दूरची रेघ, जवळची रेघ, फेस. कॅमेरा नंतर सापडला. ते दोघं वाचले नाहीत.

८.५४

दिल्लीतून हवामान खात्याने पहिला फॅक्स केला. वृत्तपत्रांतून पुढे आलेल्या माहितीनुसार, तो गेला माजी विज्ञानमंत्र्यांच्या घरी. सरकार मे महिन्यातच बदललं होतं. फॅक्सयंत्रातला क्रमांक बदलला नव्हता. मजकूर भूकंपाचा होता, लाटेचा नव्हता.

तो योग्य घरी पोचला असता तरी चेन्नईसाठी अकरा मिनिटं उरली होती.

९.०० च्या सुमारास

तीन ठिकाणी एकाच वेळी.

खाओ लाक. तिथे साडेदहा वाजले होते. लाट सपाट किनाऱ्यावरून आत शिरली आणि थायलंडच्या सागरी पोलिसांची एक गस्ती बोट जवळजवळ दोन किलोमीटर आत नेऊन टाकली. राजे भूमिबोल यांचा एकवीस वर्षांचा नातू भूमी जेन्सन जेट-स्कीवर पाण्यात होता. तो गेला. स्वीडनचे ५४३ नागरिक त्या दिवशी गेले, त्यातले बहुतेक याच पट्ट्यात, आणि त्यांत मुलं पुष्कळ होती.

पेरलिया. कोलंबोहून निघालेली मातर एक्स्प्रेस गावाजवळ उभी राहिली. पहिल्या लाटेचं पाणी रुळांवर आलं होतं. बातमी कोलंबोच्या नियंत्रण कक्षात आधीच पोचली होती आणि आठ गाड्या वाटेत थांबवल्याही होत्या. या गाडीसाठी आंबलंगोडा स्थानकात फोन केला. तो कोणी उचलला नाही, कारण स्थानकातली सगळी माणसं त्याच गाडीच्या कामात फलाटावर होती. गाडी सुटली. मग कोणीतरी फोनपाशी आलं.

गावकऱ्यांना थांबलेली गाडी भक्कम वाटली. पाण्यापासून वाचण्यासाठी ते डब्यांत चढले, टपांवर चढले, मुलांना आत दिलं. काही मिनिटांनी दुसरी, मोठी लाट आली. डबे उलटले, लोटले गेले. किमान सतराशे माणसं गेली. रेल्वेच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अपघात आहे.

तिसरं ठिकाण, तमिळनाडूचा किनारा.

९.०५

चेन्नई बंदरातल्या भरतीमापक यंत्राने पाण्याची चढ नोंदवली. भूकंपाला दोन तास छत्तीस मिनिटं झाली होती.

मरीनावर पाणी आधी मागे गेलं नाही. ते वाढत आलं. नेहमीच्या लाटेसारखं ते फुटून थांबलं नाही, तर येतच राहिलं, क्रिकेटच्या खेळपट्ट्यांवरून, गाड्यांच्या रांगांमधून, रस्त्यापर्यंत. रुंद वाळूने शहराला काहीसं वाचवलं. वाळूवर जे होते त्यांना तिचा उपयोग नव्हता. चारशे मीटर ओल्या वाळूतून, कडेवर मूल घेऊन, पाण्याच्या पुढे पळता येत नाही.

पाणी परत गेलं तेव्हा समुद्र नेहमीच्या रेषेच्याही मागे सरला. वाचलेले आपल्या माणसांना शोधायला खाली आले. बातमी ऐकून शहरातून बघेही आले. त्सुनामीत अनेक लाटा असतात, त्यांच्यात अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर असू शकतं आणि पहिली सर्वांत मोठी असेलच असं नाही, हे कोणाला माहीत नव्हतं. पुढच्या लाटांनी यांतल्या काहींना नेलं.

चेन्नई जिल्ह्यात २०६ जण गेले. नागपट्टणम जिल्ह्यात ६,०६५.

तिथे समुद्र आणि वस्ती यांच्यात मोकळी रुंद वाळू नव्हती. अक्कराइपेट्टई, कीचनकुप्पम या कोळीवाड्यांत घरं थेट किनाऱ्याला लागून होती. रविवार असल्याने मुलं घरी किंवा वाळूवर होती. शाळेचा दिवस असता तर काही तरी पक्क्या इमारतींत असती.

वेलांकण्णीला नाताळच्या यात्रेची गर्दी होती. केरळातून, कर्नाटकातून आणि मुंबई-वसईकडूनही भाविक तिथल्या ख्रिस्ती देवळाला जातात. देवळात प्रार्थना चालू होती. ज्यांची आटोपली होती ते मुलांना घेऊन समुद्राकडे उतरले होते, कारण देवळापासून समुद्र पाच मिनिटांवर आहे आणि इतक्या लांब आल्यावर मुलांना पाण्यात पाय बुडवायचेच असतात. प्रार्थनेला बसलेले वाचले. पाणी देवळात शिरलं नाही. वाळूवरचे शेकडो भाविक गेले.

पुदुच्चेरीजवळ नल्लवाडू हे कोळ्यांचं गाव आहे. तिथला एक तरुण सिंगापूरला कामाला होता. त्याने तिथे दूरचित्रवाणीवर बातमी पाहिली आणि घरी फोन केला. घरचे गावातल्या माहिती केंद्राकडे धावले. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने हे केंद्र उभं केलं होतं. समुद्राची स्थिती आणि माशांची माहिती सांगण्यासाठी तिथे ध्वनिक्षेपक होता. त्याच भोंग्यावरून किनारा सोडा अशी हाक दिली. गावातली सुमारे पाचशे कुटुंबं मागे हटली. घरं, होड्या, जाळी गेली. माणूस एकही गेला नाही.

एक फोन आणि एक भोंगा. मरीनावर फोनही होते आणि भोंगेही होते.

९.१४

दुसरा फॅक्स, गृह मंत्रालयाच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला.

१०.३०

नियंत्रण कक्षाने मंत्रिमंडळ सचिवालयाला कळवलं. तोवर दूरचित्रवाणीवर मरीनाची दृश्यं दाखवली जात होती.

दुपारी १.००

दिल्लीत आपत्ती व्यवस्थापन गटाची बैठक सुरू झाली.

लाट अजून चालत होती. मुरगाव बंदराच्या भरतीमापकावर तिच्या क्षीण खुणा उमटल्या. पश्चिमेला सोमालियात तिने सुमारे तीनशे जणांना नेलं. तिथे कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या केनियात अधिकाऱ्यांनी बातम्या पाहून मोम्बासाचे किनारे रिकामे केले. केनियात एक माणूस गेला.

त्यानंतर

चौदा देशांत मिळून सुमारे दोन लाख तीस हजार माणसं गेली. त्यांतली जवळपास एक तृतीयांश मुलं होती, असा अंदाज आहे. मुलांना पाण्याशी झुंजता येत नाही, झाडाला धरून राहता येत नाही. आणि त्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, ती पाण्याच्या सगळ्यांत जवळ होती.

थायलंडने स्मिथ धर्मसरोज यांना परत बोलावून इशारा केंद्राची जबाबदारी दिली. भारताने २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झालं. समुद्रतळावर दाबमापक बसले, भरतीमापकांची माहिती क्षणोक्षणी येऊ लागली. आज हिंदी महासागरात मोठा भूकंप झाला तर पहिला इशारा काही मिनिटांत निघतो. ते काम चोख आहे. पण इशारा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षापर्यंत पोचला म्हणजे वाळूवरच्या आईपर्यंत पोचला असं होत नाही. शेवटचे चारशे मीटर आजही माणसानेच पार करायचे आहेत.

आपला किनारा यातून सुटलेला नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानात, मोठा भूकंप झाला आणि काही तासांनी लाटा मुंबईपर्यंत पोचल्या. मुंबईतही माणसं वाहून गेली. ती गोष्ट आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितली नाही.

म्हणून दिवेआगर, मुरूड, गुहागर, गणपतीपुळे, जिथे कुठे मुलांना नेणार असाल, तिथे गाडीतच त्यांना एवढं सांगून ठेवा. किनाऱ्यावर असताना जमीन बराच वेळ हलली, समुद्र अचानक चढला किंवा मागे गेला, किंवा समुद्राकडून मोठा घोंगावणारा आवाज आला, तर यातली एकच खूण पुरे. दुसरीची वाट बघायची नाही. शिंपले, चपला, मोबाइल सगळं टाकून उंचावर पळायचं, आणि पहिलं पाणी ओसरलं म्हणून खाली यायचं नाही. आणि मूल स्वतःहून म्हणालं की समुद्र वेगळा दिसतो आहे, तर चालत राहू नका. वळून बघा.